गाडीच्या बिलावर 13,400 रुपये ‘टीसीएस’, परत मिळतात का?

द्राक्षबाग_तासगाव:
बेदाण्याचे पैसे आले म्हणून गेल्या दिवाळीत (2025) सात सीटर डिझेल गाडी घेतली. घरात आई-दादा (वडील), आम्ही दोघं आणि पोरं तीन; लहान गाडीत भागत नाही. बिल 13 लाख 40 हजारांचं, त्याखाली आणखी 13,400 ‘टीसीएस’. शोरूमच्या पोराला विचारलं तर म्हणतो, "दहाच्या वर गेलं की लक्झरीत धरतात, साहेब." लक्झरी कसली, परवा मागच्या सीटा पाडून फवारणीच्या औषधाचे कॅन आणलेत! माझं उत्पन्न निव्वळ शेतीचं, रिटर्न आजवर भरलेलं नाही. पैसे गेले म्हणायचे का?

निवृत्त_हिशेबनीस:
गेले नाहीत. टीसीएस म्हणजे विकणाऱ्यानं विकतानाच गोळा केलेला कर. हा वेगळा कर नव्हे, तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेला आयकर आहे. रिटर्न भरा, रिफंड येईल. शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर, म्हणजे रिटर्नचा साधा फॉर्म आयटीआर-1 चालणार नाही, आयटीआर-2 लागेल. आधी फॉर्म 26एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) नोंद आली का बघा.

टपरीवरचा_चहा:
अभिनंदन, राव! एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरची घड्याळं, हँडबॅगा, यॉट, शर्यतीचे घोडे, सगळ्यांवर हाच 1 टक्का. त्या पंगतीत तुमचंही पान मांडलंय. मला खटकतं ते वेगळंच. गाड्यांची ही 10 लाखांची मर्यादा 2016 ची, अजून तिथंच. आणि तुमची गाडी चार मीटरपेक्षा लांब असणार, म्हणजे जीएसटी 40 टक्के. उलटा हिशेब करा: मूळ किंमत 9 लाख 57 हजार, जीएसटी 3 लाख 83 हजार. करानं गाडी दहाच्या वर नेली, आणि दहाच्या वर गेली म्हणून टीसीएस!

निवृत्त_हिशेबनीस:
22 सप्टेंबर 2025 च्या आधी मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि वरचा सेस (उपकर) धरून 50 टक्क्यांपर्यंत जायचं, तेही सांगा की.

द्राक्षबाग_तासगाव:
थोरलीनं 26एएस उघडून दिलं. कोरं! मग बिल नीट बघितलं, तर पॅन नंबर दादांचा पडलाय. बुकिंग त्यांनी केलं होतं, गाडी माझ्या नावावर. आता?

निवृत्त_हिशेबनीस:
शोरूमला त्यांचं टीसीएस रिटर्न दुरुस्त करायला लावा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोनवर नुसतं ‘हो, हो’ म्हणतात.

द्राक्षबाग_तासगाव:
सोमवारी जातो. दादा म्हणतायत, "माझ्या नावावर पडलेत तर राहू देत की."