रॉकची आवड एका जागी स्थिर का होत नाही?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराखालीच यंत्रमाग होते आणि त्यांच्या खडखडाटातच, १९८६ साली, मोठ्या भावाने पुण्याहून आणलेल्या कॅसेटवर मी प्रथम डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड ऐकला. पुढे लेड झेपेलिन, आयर्न मेडन आणि दिल्लीचा इंडियन ओशन हे सारे बँड त्याच ओढीने ऐकत आलो. भाचा म्हणतो की, ज्याला सगळेच आवडते त्याचा कान तयार झालेला नसतो. आपले मत काय?

उत्तर १: मला हे मुळीच पटत नाही. मी तबला शिकत असताना पिंक फ्लॉइड या बँडचे १९७३ सालचे ‘मनी’ हे गाणे ऐकले आणि ते सात मात्रांत चालते हे लक्षात येताच आपला सात मात्रांचा रूपक ताल आठवला. गिटारच्या एकलवादनात मात्र ते चार मात्रांवर येते, आणि तो बदल मी आजही श्वास रोखून ऐकतो. विविध ऐकल्यानेच असे दुवे सापडतात.

उत्तर २: नवी पेठेतून आम्ही साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणत असू. एका बाजूला तीसच मिनिटे मिळत, त्यामुळे प्रत्येक गाणे पारखूनच घ्यावे लागे. अशा पारखण्यानेच कान तयार होतो, हे भाच्याला जरूर सांगा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज रात्री त्याला शेजारी बसवून ‘मनी’च्या मात्रा मोजायला लावतो.