सीएनएची स्किल्स टेस्ट: हात चालतात, बोलणं अडतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत असते आणि सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या परीक्षेची तयारी करते आहे. कोर्स संपला, नर्सिंग होममधलं (इथे म्हणजे वृद्ध, आजारी माणसं राहतात ते) क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षणही झालं. लेखी पेपरचं दडपण नाही. धास्ती आहे ती स्किल्स टेस्टची, म्हणजे परीक्षकासमोर काम करून दाखवायच्या परीक्षेची, आणि तीही कामाची नाही, बोलण्याची.

हात धुणं, नाडी मोजणं, कुशीवर वळवणं, गेट बेल्ट (उठवताना धरायचा कमरेचा पट्टा) बांधून पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवणं हे सगळं हाताला बसलंय. पण दारावर टकटक करा, नाव सांगा, काय करणार ते समजवा, पडदा ओढा, निघताना कॉल बेल हाताशी ठेवा, आणि हे सगळं हळू, स्पष्ट, समोरच्याकडे बघून बोलत. सुरुवातीची वाक्यं येतात. एकदा हात कामात गुंतले की माझं तोंड बंद होतं. घरी सासूबाईंचं सगळं केलं आहे, पण तिथे पाठीला हात लावला की त्या आपसूक उठायच्या, बोलावं लागायचंच नाही.

हा विषय वरवरचा नाही हे मला पटलंय. १९८७ च्या केंद्रीय कायद्यावरून आलेल्या नियमांत किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले १६ तास रेसिडेंटला, म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाला, हात लावण्याआधीच पूर्ण व्हायला हवेत, आणि त्या १६ तासांच्या विषयांत पहिलंच नाव संवादाचं आहे.

तर हात चालू असताना बोलायचा सराव कसा करायचा? दुसरं, क्लिनिकलमध्ये डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या एक बाई सारख्या म्हणायच्या, "मला घरी जाऊ द्या, नवरा वाट बघतोय." नवरा केव्हाच वारलेला. अशा वेळी काय बोलावं? खोटं बोलायला जीभ रेटत नाही आणि खरं सांगितलं तर त्या कोलमडतील. आणि स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्यांशी कसं बोलता तुम्ही?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं सीएनए म्हणून काम केलंय. आधी एक डोक्यातून काढा: बोलणं हे कामाच्या वर लावलेलं तोरण नाही. बऱ्याच स्किल्समध्ये ते कामाचीच पायरी असतं. गेट बेल्टचंच बघा. "मी तीन म्हणेन तेव्हा उठायचं" हे आधी ठरवायचं, मग एक, दोन, तीन. हे न सांगता उचलायला गेलात तर माणूस दचकतो, तोल जातो, तुमचीही कंबर जाते.

भरवताना खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. ताटात काय काय आहे ते सांगा, आधी काय खायला आवडेल ते विचारा, आणि प्रत्येक चमच्यात काय आहे ते सांगून मगच तो पुढे करा. उभ्याने भरवलेलं मला बघवत नाही, माणसाला घाईला लागल्यासारखं होतं.

सरावासाठी नवऱ्याला किंवा मुलांना डोळे मिटून खुर्चीत बसवा. नियम एकच: तुमचा हात लागण्याआधी, आता काय होणार हे त्यांना तुमच्या आवाजावरून कळलं पाहिजे. न सांगता स्पर्श झाला की त्यांनी "थांब" म्हणायचं आणि तुम्ही ती पायरी पुन्हा करायची. पाणी कोमट आहे का, दुखतंय का, हे प्रश्न मग आपोआप तोंडात बसतात.

आणि "हनी", "स्वीटी" नको. काय नावाने हाक मारू, हे त्यांनाच विचारा.

प्रतिसाद २

मी नर्स आहे. डिमेन्शियाबद्दल: वाद घालू नका, दुरुस्ती करू नका, आणि "येतीलच आता" असंही म्हणू नका. त्यामागची भावना धरा. "त्यांची आठवण येतेय ना? कसे होते ते, सांगा ना मला." बोलता बोलता शांत होतात बऱ्याचदा. पण आधी बघा, लघवीला लागलीय का, दुखतंय का, भूक लागलीय का. "घरी जायचंय" यामागे कित्येकदा एवढंच असतं.

वाचा गेलेल्यांना समजत नाही असं धरून चालू नका. हो-नाही अशी उत्तरं येतील असे प्रश्न विचारा, एका वेळी एकच. दोन शर्ट समोर धरा, बोटाने दाखवू द्या. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा. आवाजही चढवू नका, कान शाबूत आहेत. ज्यांना खरंच कमी ऐकू येतं त्यांच्याशी बोलताना आधी टीव्ही बंद करा, आणि किंचाळण्याऐवजी आवाज खालच्या पट्टीत ठेवा.

आणखी एक, आम्हा नर्सेसना काय कळवता त्यावर आमचं पुढचं काम ठरतं. "आज उदास आहेत" यावरून मला काही करता येत नाही. "सकाळपासून दोनदा रडल्या, नाश्ता अर्धा टाकला" असं सांगा, मी लगेच जाऊन बघेन.

मूळ धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. आज रात्रीच मुलीला डोळे मिटून बसवते. एक राहिलं: मध्येच लक्षात आलं की एखादी गोष्ट सांगायची राहिली, तर परीक्षकाला तसं म्हणता येतं का?

प्रतिसाद १

अनेक राज्यांत येतं. ते स्किल संपण्याआधी "मी ही पायरी दुरुस्त करते आहे" असं सांगून ती करून दाखवायची. पण जिथे क्रमच महत्त्वाचा, तिथे नंतर केलेलं चालत नाही. तुमच्या राज्याचं कँडिडेट हँडबुक काढा, त्यात हा नियम आणि प्रत्येक स्किलच्या पायऱ्या दिलेल्या असतात. त्या मोठ्याने वाचा.