पुण्यात घर कुठे घ्यावं? मी हिंजवडीला, बायको मंडईजवळ आणि आईचे गुडघे

कराडकर_ठाणेकर:
नमस्कार मंडळी. मूळचे कराडचे, सध्या ठाण्यात, जूनपासून पुण्यात यायचंय. माझं ऑफिस हिंजवडी फेज टूला, बायकोची बँकेतली बदली मंडईजवळच्या शाखेत, म्हणजे एक पूर्व एक पश्चिम. सोबत आई आहे, तिला जिना चढवत नाही. टू बीएचके भाड्याने हवाय, तीस हजारांच्या आत. पुण्यातले मित्र सगळे आपापला एरियाच कसा भारी ते सांगतात त्यामुळे डोकं फिरलंय. कोथरूड? बाणेर? म्हाळुंगे? की पेठेतच बघू? आणि लोक म्हणतात 'एरिया चांगला आहे', तर नक्की काय चांगलं असतं ते पण सांगा प्लीज.

डहाणूकर_कॉलनीवाला:
मी कोथरूडचाच त्यामुळे कोथरूडच सांगणार, आधीच कबूल करतो 😀 पण दादा, तुमच्या आईंचा प्रश्न इथे खरा अवघड आहे. मयूर कॉलनी, डहाणूकर, भुसारी कॉलनी, इकडे बऱ्याचशा बिल्डिंगा तीन-चार मजली, ऐंशी-नव्वद सालच्या, लिफ्टच नाही. खोल्या हवेशीर, समोर आंबा नाहीतर गुलमोहर, खाली वाणी, भाजीवाला, केमिस्ट, सगळं चालत. पण तळमजल्याला पार्किंग आणि घर पहिल्यापासून पुढे, त्यात तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट दाखवतील आणि ब्रोकर म्हणेल 'अहो दोनच जिने आहेत'. लिफ्टवाला नवा फ्लॅट तुमच्या बजेटात बसेलच असं नाही.
आणि हो, सध्या दर गल्लीत एक तरी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय. करार करायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला थेट विचारा की बिल्डर ठरलाय का. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंना अकरा महिन्यांचा करार संपायच्या आधीच दुसरं घर शोधावं लागलं, मालकाने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.
बायकोला वनाजवरून मेट्रो आहे, ते सोयीचं. तुम्ही मात्र चांदणी चौकातून हायवेला लागणार. पूल नवा झाला, चौक सुटला, पण पुढे वाकडला जो ट्रॅफिक व्हायचा तो होतोच.

नारायणपेठी_आजोबा:
पेठेत राहायचं असेल तर गाडी विकून या, लावायला जागा नाही. हे चेष्टेत नाही सांगत.
आमचा वाडा नारायण पेठेत होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा. पाणी उतरल्यावर अंगणात गाळ आणि आमच्या लाकडी कपाटाची एक दारफळी, एवढंच आठवतं. आमचे काका पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेले, मामा सहकारनगरला, आम्ही तिथेच राहिलो. गावाबाहेर राहायला गेले म्हणून तेव्हा आजी रडली होती, आज ते सगळं मधोमध आलं. तर तुम्हाला कोणी 'लांब आहे' म्हणालं तर फार मनावर घेऊ नका.
वाडे पाडून जे अपार्टमेंट झाले त्यात जागा कमी, भिंतीला भिंत, शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. पण सौभाग्यवती चालत ऑफिसला जातील आणि मातोश्रींना ओटीवर बसून गप्पा मारायला माणसं मिळतील हे नक्की. सुनेचं ऑफिस जवळ हवं की मुलाचं, ते तुम्ही घरात ठरवा. गणपतीत दहा दिवस झोप मात्र विसरायची.

सूस_म्हाळुंगे_वैतागलेला:
@कराडकर_ठाणेकर म्हाळुंगे-सूसचं मी सांगतो, तीन वर्षं राहतोय. फ्लॅट मस्त, लिफ्ट दोन, बाल्कनीतून डोंगर, क्लबहाऊस, जिम, सगळं ब्रोशरसारखंच. ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण आमच्या बिल्डिंगला पाणी अजून टँकरने. उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेन्टेनन्समध्ये येतो तो वेगळा, त्यामुळे 'भाडं किती' विचारताना 'मे महिन्याचं मेन्टेनन्स किती' हे पण विचारा आणि शक्य असेल तर घर मे महिन्यातच बघायला जा. जून-जुलैत सगळ्यांचीच टाकी भरलेली दिसते.
शिवाय आई दिवसभर वरच्या मजल्यावर एकट्या. आसपास चालत जायला फुटपाथ नाही, देऊळ नाही, वाणी म्हणजे ॲप.

चिंचवडची_वृषाली:
सगळे पुणेकर एकत्र जमले की पिंपरी-चिंचवड नकाशावरून गायब होतं 🙄
अहो दादा, तुमचं उत्तर इकडे आहे. मेट्रोची पिंपरी ते स्वारगेट लाईन २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण झाली आणि तिच्यावर मंडई नावाचं स्टेशनच आहे! वहिनी पिंपरीला बसतील, मंडईला उतरतील, गाडी बदलायची नाही. तुम्ही डांगे चौकातून हिंजवडी, ट्रॅफिक आहे पण कोथरूडपेक्षा अंतर कमी.
घरांचं म्हणाल तर निगडी प्राधिकरण बघा. १९७२ ला स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने वसवलेला भाग, सेक्टर पाडून प्लॉट दिलेले, रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि बरेच बंगले आहेत ज्यांचा तळमजला भाड्याने देतात, आईंना जिनाच नको! आधी एमआयडीसीतले कामगार, सुपरवायझर राहायला आले, आता त्यांची मुलं आयटीत. नाकं मुरडत नाहीत लोक.
एक गोष्ट लपवत नाही, आमच्याकडे पालिकेचं पाणी २०१९ पासून दिवसाआड येतं. टाकी मोठी आहे का बघा, मग त्रास नाही.

नारायणपेठी_आजोबा:
वृषालीताई, चिंचवड पुण्यात कधीपासून?

चिंचवडची_वृषाली:
आजोबा, मोरया गोसावींना विचारा. 😄

डहाणूकर_कॉलनीवाला:
मेट्रोचं लॉजिक पटलं राव. फक्त नदीकाठ टाळा, कुठेही बघा. २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगच्या गाड्या बुडाल्या, आणि २०१९ ला आंबील ओढ्याच्या पुराने सहकारनगरच्या बाजूला काय केलं ते आठवतंय ना. ब्रोकर 'रिव्हर व्ह्यू' म्हणाला की जरा मागेच सरका.

कराडकर_ठाणेकर:
सगळ्यांचे आभार, खरंच. बायकोला मंडई स्टेशन वाचून दाखवलं तर ती म्हणाली 'मग विचारतोयस कशाला, चिंचवडच बघ'. आईचे दोनच प्रश्न आहेत, देऊळ किती लांब आणि भाजी ताजी मिळते का. रविवारी प्राधिकरणात दोन घरं आणि कोथरूडचं एक लिफ्टवालं बघतोय.

चिंचवडची_वृषाली:
आईंना सांगा, चिंचवडगावात मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे, पवनेच्या काठावर. पावसाळ्यात नदी वाढली की पाणी मंदिरात शिरतं, तेवढे दिवस सोडून कधीही चला. प्राधिकरणातून रिक्षा करावी लागेल. आणि घर बघायला सकाळी सातला जा, नळाला पाणी यायची वेळ झाली की खालच्या बायका आपोआप सगळं सांगतात.