कूबर पेडीत राहायचं कुठे, जमिनीखाली की वर? (आईबाबा सोबत आहेत)

निखिल_मेलबर्न

नमस्कार मंडळी, जुलैच्या सुट्टीत ॲडलेडहून मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूच्या खडकापर्यंत गाडीने जायचं ठरतंय, म्हणजे बायकोने ठरवलंय आणि मी हॉटेलं बघतोय. ॲडलेडपर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेले आईबाबा. वाटेत कूबर पेडी या खाणींच्या गावाला दोन रात्री काढाव्यात असं डोक्यात आहे कारण ओपल या रत्नाच्या खाणी आणि जमिनीखालची घरं बघायची बाबांना फार हौस, आल्यापासून यूट्यूबवर तेच चाललंय. पण घोडं अडलंय राहण्यावर. आईला बंद जागेत घुसमटतं, लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून रामरक्षा चालू असते, शिवाय गुडघे दुखतात त्यामुळे जिने नकोत आणि रात्री एकदोनदा उठावं लागतं. बाबांचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन साध्या खोलीत झोपायचं तर साताऱ्यात काय वाईट होतं. साइटवर फोटो सगळ्यांचेच छान असतात आणि 'अंडरग्राउंड' असं जो तो लिहितो, त्यातलं खरं किती ते कळत नाही. कोणी राहून आलंय का? आणि जेवणाचं काय, आईबाबा शाकाहारी, अंडंही नाही.

मीनल_ॲडलेड

निखिल, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो त्यामुळे तुझी अडचण बरोब्बर कळली. सगळ्यात आधी आईंना हे सांग की अंडरग्राउंड म्हणजे विहिरीत उतरायचं नाहीये. तिथे बरीचशी घरं आणि मोटेलं टेकडीच्या पोटात आडवी कोरलेली आहेत, म्हणजे गाडी लावायची, दार उघडायचं आणि सपाट चालत आत. जिना नाही काही नाही. पण सगळीकडे असंच नाही हं, काही ठिकाणी, विशेषतः बॅकपॅकरवाल्या स्वस्त जागांमध्ये, पायऱ्या उतरून खाली जायचं असतं, तेव्हा फोनवर सरळ विचार की पार्किंगपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती.

दुसरा प्रश्न बाथरूमचा. पाण्याचे पाइप खडकातून आतपर्यंत न्यायचे म्हणजे कटकट, म्हणून पुष्कळदा बाथरूम आणि किचन पुढे दर्शनी भागात असतं, तिथे खिडकी असते, आणि झोपायची खोली मागे खडकात. आईंच्या दृष्टीने हे फारच सोयीचं, कारण घुसमटलंच तर चार पावलांवर उजेड आणि वारा. उलट काही ठिकाणी बाथरूम कॉमन आणि कॉरिडॉरच्या टोकाला असतं, रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला तिथवर पाठवायचं म्हणजे अवघडच.

डेझर्ट केव्ह हॉटेल तुला सगळ्या साइटवर पहिलं दिसेल, १९८८ पासून आहे, मेन रोडवर म्हणजे हचिसन स्ट्रीटवरच. (हा हचिसन म्हणजे १९१५ साली ज्याला इथे पहिला ओपल सापडला तो १४ वर्षांचा पोरगा, बापाबरोबर सोनं शोधायला आला होता. बाबांना सांग, आवडेल.) तिथे जमिनीखालच्या आणि वरच्या अशा दोन्ही खोल्या आहेत, म्हणून मी तुला तेच सुचवेन. महाग आहे, पण आईंना नाहीच जमलं तर वर हलवता येतं का ते बुक करतानाच विचारून ठेव.

आणि एक युक्ती. चेक-इन करायच्या आधी आईंना जमिनीखालच्या कॅथलिक चर्चमध्ये घेऊन जा, तिथेच मेन रोडवर आहे, नाहीतर उमूना म्युझियममध्ये. पाच मिनिटं निवांत बसू दे. तिथे बरं वाटलं तर खोलीतही वाटेल. सासूबाई चर्चमध्ये जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, हे तर आपल्या लेण्यासारखं गार आहे की, झालं, मग खोलीत दोन्ही रात्री आमच्या आधी घोरत होत्या.

बापू_पर्थवाले

मीनलने छान लिहिलंय पण मी जरा वेगळं बोलतो. जमिनीखाली राहायचं ते मूळ उन्हासाठी. तिथे उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि आत बारा महिने साधारण २३ ते २५, म्हणून लोकांनी घरं कोरली, हौस म्हणून नाही. तू जातोयस जुलैत. दिवसा मस्त कोवळं ऊन, रात्री पार ५-६ डिग्रीपर्यंत उतरतं. हीटर असलेली वरची साधी खोली चालते की, पैसेही वाचतात. मड हट मोटेल आहे, ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंतींचं, जमिनीवरच, आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या घरात वाढलेल्यांना तिथे परकं वाटणार नाही. एक रात्र खाली बाबांसाठी, एक रात्र वर आईंसाठी, असंही करता येईल, पण सामान हलवायचा वैताग येतो.

आणि सगळंच जमिनीखालचं चांगलं नसतं बाबा. मी एका ठिकाणी राहिलो, नाव घेत नाही, भिंतींना कोटिंग नीट मारलेलं नव्हतं, सकाळी उठलो तर उशीवर गुलाबी धूळ आणि चष्म्यावर थर. भिंती सील केल्यात का ते विचारत जा, हसू नका.

बाकी खोलीपेक्षा रस्त्याची काळजी कर. ॲडलेड ते कूबर पेडी ८४६ किमी, एका दिवसात ओढू नकोस, आईबाबा आणि पोरगी घेऊन तर मुळीच नको. पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला टाक, ३०० किमीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी साडेपाचशे. जुलैत सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि अंधार पडला की कांगारू रस्त्यावर. भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये गावाबाहेर रात्री चालवलं तर कव्हर नाही असं कलम बहुतेक वेळा असतं, ते वाच. वाटेतल्या ग्लेंडाम्बोनंतर कूबर पेडीपर्यंत २५० किमीत पंप नाही. त्याच्या आधी लागणाऱ्या पिंबाला टाकी भरून घे, पुढे ग्लेंडाम्बोत मिळालं तर परत टॉप अप.

खडकफोड्या

मायनिंगवाला आहे, रॉक्सबी डाउन्सला काही वर्षं काढली, कूबर पेडीला मित्राच्या डगआउटमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या घरात, बऱ्याचदा राहिलोय. छत पडेल का हा प्रश्न आईंच्या मनात असणारच, विचारणार नाहीत पण असतो, म्हणून सांगतो.

तिथला खडक सँडस्टोन, मऊ म्हणजे मशीनने खरवडला जातो, पण एकसंध, त्यामुळे एवढ्या रुंदीच्या खोलीला मध्ये खांब न देता छत टिकतं. डोक्यावर काही मीटर खडक ठेवूनच कोरतात. पूर्वी सुरुंग आणि कुदळ, नंतर ओपल शोधायला आणलेलीच टनेलिंग मशीन घरांना वापरली. भिंतीवर गोल गोल ओरखडे दिसतात ना, ती त्या मशीनच्या दातांची खूण, मुद्दाम केलेली डिझाइन नव्हे, पण लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर ते फार सुंदर दिसतं. रात्री टेबल लॅम्प तिरका करून भिंतीवर मारून बघ.

हवेसाठी छतातून वर सरळ भोक पाडून पाइप काढलेला असतो, टेकडीवर चढलास की जमिनीतून नुसते पाइप वर आलेले दिसतात, खाली कुणाचं तरी बेडरूम असतं. आईंना खोलीत गेल्या गेल्या तो पाइप दाखव. वर हात धरला की वारा लागतो. घुसमट होणाऱ्या माणसाला हवा कुठून येते हे डोळ्यांनी दिसलं की निम्मं काम होतं, हे मी खाणीत नव्या पोरांना पहिल्यांदा खाली नेताना पाहिलंय.

आता ज्याचं कोणी सांगितलं नाही ते. दिवा घालवला की मिट्ट काळोख. डोळे सरावतात वगैरे काही नाही, सरावायला उजेडच नसतो. लेकीसाठी आणि रात्री उठणाऱ्या आईंसाठी एक छोटा प्लगवाला नाइट लॅम्प घेऊन जा. मोबाइलला आत रेंज येत नाही बऱ्याच ठिकाणी, पण अलार्म वाजतो, आणि तो लावाच, सकाळ झाली हे कळायला दुसरा मार्ग नाही. आवाजाचं म्हणशील तर शेजारच्या खोलीतलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्याच खोलीतलं घोरणं मात्र घुमतं.

बाबांना ओपलची हौस आहे म्हणून मुद्दाम सांगतो, गावाबाहेर मातीचे पांढरे ढिगारे दिसले की फोटो काढायला उतरू नका. शेजारी खाणीचे उघडे शाफ्ट, म्हणजे उभे खड्डे, असतात, कठडा नसतो, खोल असतात. 'मागे सरकू नका' असे बोर्ड लावलेत ते गंमत म्हणून नाहीत. खडे वेचायचेच असतील तर गावात त्यासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे, तिथे लेकीला घेऊन बसा, तासभर कसा जातो कळत नाही.

स्वाती_डार्विन

जेवणाचं मी सांगते. उपाशी राहणार नाही, पण फार अपेक्षा ठेवू नका. खाणीपायी ग्रीक, इटालियन, सर्ब, क्रोएशियन असे सगळे तिथे येऊन राहिलेत त्यामुळे पिझ्झा, ग्रीक सॅलड, चिप्स, पास्ता मिळतं. मोठ्या सुपरमार्केटसारखं एक आयजीए आहे, दही, ब्रेड, बटाटे, भाज्या मिळतात, पण भाज्या लांबून येतात तेव्हा भाव आणि ताजेपणा दोन्ही समजून घ्या. आम्ही छोटा राइस कुकर, मेतकूट, तूप, लोणचं आणि भाजणी घेऊन जातो, किचनेट असलेली खोली घ्यायची. फक्त एक करा, जमिनीखालच्या खोलीत फोडणी घालू नका! खिडकी नाही, ठसका आतच फिरतो आणि स्मोक अलार्म बोंबलतो, आमच्याकडे मिरचीच्या फोडणीला तो असा वाजला की रिसेप्शनवाली धावत आली, मग तिलाच वाटीभर पोहे दिले. फोडणी घरूनच डबीत करून आणा.

पाण्याचं पण. गावाला पाणी बोअरचं, ते शुद्ध करून पुरवतात, कमी आणि महाग असतं. आंघोळ आवरती घ्या, आईबाबांना सांगावं लागणार नाही, साताऱ्याकडच्या दुष्काळी भागातलं त्यांना माहीतच असेल.

कोणाला तंबूत झोपायची हौस असेल तर गावाच्या दक्षिणेला रीबाज म्हणून आहे, तिथे जमिनीखाली तंबू लावता येतो, मुलांना वेड लागतं. आईंसाठी नको, खाली वाकून झोपायचं उठायचं गुडघ्यांना जमणार नाही.

निखिल_मेलबर्न

अरे बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. आईला आत्ताच मीनलताईंचं लेण्यासारखं गार वाचून दाखवलं, ती म्हणाली बघू, म्हणजे आमच्याकडे ते जवळजवळ हो असतं. पाइपचं ऐकून बाबाच जास्त खूश झाले. खडकफोड्या, एक विचारू, कॅरॅव्हॅन पार्कमधली केबिन पण दिसतेय, स्टुअर्ट रेंज म्हणून, ती कशी? आणि ब्रेकअवेजच्या टेकड्या आपल्या गाडीने होतील का?

खडकफोड्या

केबिन वरच आहे, जमिनीवर, हायवेपासून जवळ, स्वच्छ असते, बापूंच्या गटात मोडते. पोरांना पळायला मोकळी जागा मिळते. पण तुझ्या बाबांनी महिनाभर यूट्यूब बघून केबिनमध्ये झोपायचं म्हणजे घरात वादळ उठणार. जमिनीखाली दोन रात्री घे, शक्यतो टेकडीत आडवी कोरलेली खोली, बाथरूम पुढे.

ब्रेकअवेज गावापासून ३० किमीच्या थोडं पुढे उत्तरेला. आतला रस्ता कच्चा आहे, कोरडा असेल तर साधी गाडी जाते, पण भाड्याच्या गाडीला कच्च्यावर न्यायची परवानगी बहुतेक नसते. गावातून संध्याकाळची टूर निघते ती घ्या, सूर्यास्ताला टेकड्यांचे रंग बदलतात ते बघायला मिळतं आणि अंधारात परत गाडी तुला चालवावी लागत नाही. त्याच फेरीत डिंगो फेन्सही दाखवतात, ५,६०० किमीच्या आसपास लांब तारेचं कुंपण, मेंढ्यांना जंगली कुत्र्यांपासून वाचवायला. नुसतं कुंपण आहे, पण बाबा फोटो काढतीलच.

मीनल_ॲडलेड

हो टूरच घे. आणि बाबा ओपल घेतीलच, तर दुकानात सॉलिड, डबलेट की ट्रिपलेट ते आधी विचारायचं. सॉलिड म्हणजे अख्खा ओपल, डबलेट म्हणजे ओपलचा पातळ पापुद्रा खाली दुसऱ्या थरावर चिकटवलेला, ट्रिपलेटमध्ये वरून आणखी एक पारदर्शक थर, हे दोन्ही प्रकार स्वस्त असतात, पाण्यात जास्त राहिले तर थर सुटतात. भांडी घासताना आईंच्या बोटात ते नकोत. एकाच दुकानातून ३०० डॉलरच्या वर खरेदी झाली तर आईबाबांना भारतात परत जाताना एअरपोर्टवर जीएसटी परत मिळतो, खरेदीपासून ६० दिवसांच्या आत देश सोडायला हवा. बिल जपून ठेव आणि पैसे त्यांच्याच कार्डाने भरलेले बरे.

बापू_पर्थवाले

निखिल, शेवटचं. छोट्या मोटेलांचं रिसेप्शन संध्याकाळी लवकर बंद होतं, पोचायला उशीर होणार असेल तर दुपारीच पिंबाहून फोन कर, पुढे रेंजचा भरवसा नाही, टेलस्ट्रा कंपनीचं सिम असेल तर थोडी तरी मिळते. चावी बाहेरच्या डब्यात ठेवतात आणि कोड मेसेज करतात, तो मेसेज पिंबातच आला पाहिजे हे बघ. उलुरूकडे निघालास की पुढचा टप्पा ७०० किमीच्या वर आहे, अर्लडुंडाला थांबून डावीकडे वळायचं, तिथे एक रात्र टाकलीस तरी चालेल.