बलुत्याच्या नात्याला शेजारधर्म म्हणावे का?

मूळ मुद्दा
पेशवाईतील गावचा सुतार नांगर दुरुस्त केल्याचे पैसे दर खेपेला मोजून घेत नसे. सुगीत खळ्यावर त्याच्या नावचा धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, ठरलेला असे. तंटा उपजला की गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, बसे, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निर्णयपत्र, होई आणि त्याखाली पाटील नांगराची, तर न्हावी आरशाची निशाणी करी. शिवेच्या वादात तर महाराच्या साक्षीला विशेष वजन होते. अशा गावात माणूस एकाकी पडणे अवघड होते, कारण शेजार कोणाच्या मर्जीवर सोडलेलाच नव्हता.

प्रतिसाद १
शिवेवर ज्याचा शब्द प्रमाण, त्याचे घर गावकुसाबाहेर होते, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. वेस राखायची, सांगावे पोहोचवायचे, मेलेली गुरे ओढायची आणि वर दारोदार भाकरी मागायची, याला आपलेपणा म्हणणे मला तरी जमत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन, म्हणजे वंशपरंपरागत गावकामाच्या हक्क-बंधनाच्या, कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच बंधनातून सुटका व्हावी म्हणून. शिवाय वाळीत टाकण्याचे हत्यार गावाच्या हाती होतेच, आणि ते इतके चिवट की महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

प्रतिसाद २
दोघांच्याही मांडणीत गाव जागचे हलत नाही. प्रत्यक्षात मिरासदार (जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला) आणि उपरी (असा हक्क नसलेला कसणारा) असा भेद होता: मिरासदार परागंदा झाला तरी जमिनीवरचा त्याचा हक्क सहसा बुडत नसे, उपऱ्याला तसा आधार नव्हता; मात्र जिथे जमिनीचा सारा हलका तिथे तो बिऱ्हाड हलवू शके. दुष्काळात गावे ओस पडत आणि रयत परत यावी म्हणून सरकारला कौल, म्हणजे साऱ्यात सवलतीची लेखी हमी, द्यावे लागत. ज्याची मिरास नाही, तो पिढीभर राहूनही उपराच, मग त्याचा शेजार कशात मोजायचा?

मूळ लेखकाचे उत्तर
उपऱ्याच्या दारीही सुतार-लोहार येत आणि त्याच्या खळ्यावरही बलुते निघे, एवढा व्यवहार मला पुरेसा वाटतो. सक्ती होती हे नाकारत नाही, पण ती दुहेरी होती. बलुत्याचा वाटा बुडवणारा पाटीलही गोतापुढे खेचला जाऊ शके.

प्रतिसाद १
दुहेरी असेल, समान नव्हती. पाटील घराणी वतनाच्या मानपानासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडली. महार समाजात मात्र ते वतन टाकून देण्यासाठी चळवळ उभी राहिली.