विषय: गणपती कार्यक्रम – माइकचा झटका

नमस्कार मंडळी,
काल तालमीत गिटारवाल्याला माइकला ओठ लागताच सण्णकन झटका बसला. गिटार उतरवून ठेवली की काही होत नाही. माइक बदलून पाहिला, तरी तेच. बाप्पासमोर सगळे अनवाणी गातात, म्हणून रबरी चपला घालू द्याव्यात का? शनिवारी लहान मुलंही त्याच माइकवर आहेत.
– सांस्कृतिक समिती

---

ताई,
चपलांनी काही होणार नाही. माइकची जाळी साउंड मिक्सरमधून अर्थला (जमिनीला) जोडलेली असते आणि गिटारच्या तारा अँपच्या (अँप्लिफायरच्या) चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला. अँपचं अर्थिंग तुटलं, की चासीवरचा करंट तारांतून हातात, छातीतून ओठात आणि तिथून माइकमध्ये. पाय त्या वाटेवर येतच नाहीत, हृदय मात्र येतं.

3 मे 1972 ला वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी असाच माइकचा शॉक लागून स्टेजवरच दगावला. तिथे अर्थिंग माइकला नव्हतं. आपल्याकडे मला अँपचा संशय आहे. त्याचा प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थच्या पिनेशिवायचा, आहे का, बघाल?

---

काका, प्लग तीन पिनांचाच आहे, पण साउंडवाल्याने त्याला दोन पिनांचा अडॅप्टर लावलाय. नाहीतर स्पीकरमधून घूंऽऽ येतं म्हणे.

---

वाटलंच! घूं ऐकवत नाही म्हणून अर्थ तोडायचा, हा अमेरिकेतला जुना आणि अत्यंत वाईट रिवाज. घूं घालवायला अँप, कीबोर्ड, मिक्सर एकाच सर्किटवर घ्या. तरी राहिलंच, तर डीआय बॉक्सवरचा (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका वापरा. तो फक्त सिग्नलच्या वायरचा अर्थ सोडवतो, वीजपुरवठ्याचा नाही.

अडॅप्टर काढल्यावर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावायचं. शून्याच्या आसपास यायला हवं. पन्नास-साठ व्होल्ट दिसले तर "थोडंसं लीकेज आहे" हे ऐकून घेऊ नका, अँप बंद.

स्टेजचा सगळा पुरवठा जीएफसीआय सॉकेटमधून (करंट गळताच पुरवठा तोडणाऱ्या सॉकेटमधून) घ्या, तो टेस्टचं बटण दाबून आधी तपासून. साधा ब्रेकर 15-20 अँपिअरला पडतो, तोवर माणूस संपलेला असतो. जीएफसीआय 5 मिलिअँपिअरच्या आसपासच पुरवठा तोडतो.

शुक्रवारी मीटर आणि दोन डीआय बॉक्स घेऊन येतो. तोवर तो अँप कुणी लावू नका. तालमीला पेटी-तबला पुरे.