एक्सप्लोरर घड्याळ कोकणच्या खाऱ्या हवेत रोज वापरावे का?

वेंगुर्लेकर
रोलेक्सचे एक्सप्लोरर १९५३ सालचे, एव्हरेस्ट मोहिमेच्या काळातले. १९७१ चे एक्सप्लोरर-२ गुहांमध्ये उतरणाऱ्यांसाठी, म्हणून त्याला २४ तासांचा जादा काटा. दोन्ही उत्तम, पण किनाऱ्यावर रोज घालायला चुकीची, असे माझे स्पष्ट मत. पाणी सोसायची क्षमता १०० मीटर, रोलेक्सच्याच पाणबुड्यांच्या सबमरीनर घड्याळाची ३००. चावी (बाजूचे आट्यांचे बटण) ट्विनलॉक, म्हणजे पाणी अडवायच्या दोन जागा; सबमरीनरच्या ट्रिपलॉकला तीन. वेळ मोजायला फिरती कडा नाही. पोहताना हाताच्या फटक्याने दाब वाढतो तो वेगळाच.

जांभाचिरा
शेवटचा मुद्दा साफ चूक. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला तरी जादा दाब ०.१२५ बार (बार हे दाबाचे एकक), म्हणजे सव्वा मीटर खोलीइतका. दहा मीटर खाली गेल्यावर दाब एक बारने वाढतो. मालवणात हौसेने स्कूबा करणाऱ्याला १०० मीटरचे घड्याळ पुरून उरते.

आणि धातूचे काय? रोलेक्स ९०४एल पोलाद वापरते. त्यात मॉलिब्डेनम ४ ते ५ टक्के; इतर बहुतेक चांगल्या घड्याळांच्या ३१६एलमध्ये २ ते ३. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड पोलादावर बारीक खड्डे पाडतो, त्याला मॉलिब्डेनम आवर घालते. खारा वारा सोसायला याहून चांगले पोलाद घड्याळात क्वचितच सापडेल.

खाडीकाठ
दोघेही केसकडे (घड्याळाच्या धातूच्या कवचाकडे) बघताय, पाणी शिरते रबरातून. मागच्या झाकणाची आणि चावीची रिंग उन्हाने आणि वयाने कडक होते, दबून चपटी होते आणि तशीच राहते. मग १०० काय नि ३०० काय, आकडा नुसता कागदावर उरतो.

पोलाद चांगले असले तरी गंज धरतो तो फटीत: झाकणाच्या आट्यांत, पट्ट्याच्या पिनेखाली, क्लास्पच्या (पट्ट्याच्या बकलच्या) आत. तिथे मीठ, घाम आणि मळ यांचा लगदा बसतो, ऑक्सिजन पोचत नाही, आणि पोलादावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर एकदा फुटला की पुन्हा भरून येत नाही. समुद्रातून आल्यावर चावी घट्ट आहे ना ते आधी बघा, मग गोड्या पाण्याखाली मिनिटभर धरा. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश, पट्ट्याच्या सांध्यांत नीट. रेती लागलेली असताना चावी उघडू नका, आटे झिजतात. चामड्याचा पट्टा मृग ते हस्त कपाटात. नाहीतर बुरशी ठरलेलीच.

वेंगुर्लेकर
हाताच्या फटक्याचा मुद्दा मागे घेतो, गणित बरोबर आहे. पण रिंगांची गोष्ट माझ्याच बाजूची. रिंग बदलायची, दाबाची चाचणी करायची तर अधिकृत केंद्रासाठी मुंबई-पुणे गाठायचे. एवढ्यासाठी कोण जाणार? मग गावातल्या बाजारात झाकण उघडले जाते, तेही आषाढात. ३० अंशाला ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान) २७ अंशांच्या आसपास. ती हवा आत कोंडली की एसी गाडीत बसताच काचेला आतून धुके. पुढे काट्यांवर डाग, स्प्रिंगला गंज.

जांभाचिरा
गंज स्प्रिंगला नाही. अलीकडच्या एक्सप्लोररमध्ये हेअरस्प्रिंग (घड्याळाची लय राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) पॅराक्रोम या रोलेक्सच्या मिश्रधातूची, म्हणजे नायोबियम-झिरकोनियमची. ती गंजतही नाही आणि स्पीकरजवळ ठेवून चुंबकीयही होत नाही. पोलादी आस, स्क्रू आणि पिनियन (छोटी दातेरी चाके) गंजतात, ते मान्य. पावसाळ्यात झाकण उघडू नये, हेही मान्य. पण हा दोष उघडणाऱ्याचा.

रापणकर
होडीवर टायटॅनियमचे घ्या. ट्यूडर कंपनीचे पाणबुड्यांचे पेलागोस, ५०० मीटर, फिरती कडा.

खाडीकाठ
पेलागोसची केस टायटॅनियमची, मागचे झाकण मात्र पोलादीच आहे. मिठाचा लगदा तिथेही बसतो, धुणे सुटत नाही.

रापणकर
मग स्वस्तातले रबरी पट्ट्याचे क्वार्ट्झ (बॅटरीचे) घड्याळ घाला. जाळे ओढताना लाखाचे घड्याळ हवे कशाला?

जांभाचिरा
रबरी पट्ट्यांचे पॉलियुरेथेन दमट हवेत काही वर्षांत ठिसूळ होऊन तुटते. कामाला ठीक, पण ते टिकाऊ समजू नका.

खाडीकाठ
चाचणीचे तेवढे लिहितो. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी करून घ्या. आधी कोरडी चाचणी मागा: हवेचा दाब दिल्यावर केस किती लवते ते यंत्र मोजते, गळती असली तरी पाणी आत जात नाही. त्यात नापास झाले तर ओली चाचणी: बंद भांड्यात पाण्यावर हवेचा दाब देतात, घड्याळ बुडवतात आणि दाब हळूहळू सोडतात. जिथून बुडबुडे, तिथे गळती. दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ पाण्याबाहेर काढलेच पाहिजे, नाहीतर पाणी आत ओढले जाते. झाकण उघडलेच तर सुकी एसी खोली असावी, आणि नवी रिंग सिलिकॉन ग्रीस लावूनच बसवायला सांगा.

वेंगुर्लेकर
ही चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागली, तर माझा आक्षेप फिरत्या कडेपुरता राहील. तोवर किनाऱ्यावर रोजच्या वापराला मी एक्सप्लोरर सुचवणार नाही.